बांधावरून आलेला बँड

फ्रान्सिस मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अंधेरीच्या आमच्या मराठी शाळेच्या व्हरांड्यात. मरोळच्या लग्नांत वाजवणारे मास्तर बँडवाल्याचा लाल कोट घालूनच आले होते. तिसरी-चौथीच्या आम्हा पोरांच्या हातात एकेक बासरी देत म्हणाले, "फुंका रे. सूर नाय आला तरी चालंल, वारा तरी जाईल ना?"

माझी शाळा चौथीतच सुटली. आता एडनच्या बंदरात माल चढवतो-उतरवतो. तेव्हा मंडळींनी लिहिणं सांभाळून घ्यावं.

पहिल्या संमेलनात आमची पार वाट लागली. पडदा वर गेला, समोर आईबाप दिसले आणि ड्रम वाजवणारा पोरगा तालात असा पळत सुटला की बासऱ्या मागेच राहिल्या. लोक हसले. माझे वडील सगळ्यांत मोठ्यानं. पोरं आत येऊन रडली. हेडबाई म्हणाल्या, "मास्तर, पोरांवर असं हसलेलं मला पुन्हा बघवणार नाही. पुढच्या वर्षी जमलं तर ठीक, नाहीतर बासऱ्या कपाटात."

"बरोबर आहे, बाई," एवढंच मास्तर बोलले. आम्हाला एका शब्दानं दोष दिला नाही.

मला बसून वाजवता यायचं नाही, पाय सारखे हलायचे. दुसऱ्या कुणी कान पिळला असता. मास्तर बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "बाबू, तू उठून चाल बघू." चालत वाजवलं तर ताल सुटेचना! दुसऱ्या दिवसापासून सगळा बँड मैदानात चालू लागला. पहिल्या वर्षीची मार्चची लांबलचक धूनही त्यांनी काढून टाकली. "तीन सूर येतात ना? मग तीनच वाजवू. चौथा पुढल्या वर्षी." आणि म्हणाले, "लग्नात आम्ही लांबून वाजवत येतो. माणसं आधी कान देतात, मग दारात येतात. आपण पण तसंच येऊ."

संमेलनाच्या संध्याकाळी पडदा वर गेला तर स्टेज रिकामं. "बँड पळाला काय रे!" कुणीतरी ओरडलं. तो हशा आम्हाला मैदानामागच्या शेतापलीकडे ऐकू आला. आम्ही ताडांखाली उभे होतो. कापलेल्या भातावर धुकं उतरत होतं. मास्तरांनी हात वर केला.

आमचे सूर आमच्या पुढे निघाले. चुकलेला एखादा सूर धुक्यातच कुठेतरी विरून जायचा. बांधावरून आम्ही एकामागे एक चाललो होतो. सगळ्यांत मागे मास्तर, सगळ्यांत धाकट्या पोराच्या पावलानं. हळूहळू तिकडची बोलणी थांबली, खुर्च्या आमच्याकडे वळल्या. आम्ही पोचलो तेव्हा माणसं उभी राहून वाट करून देत होती. कुणीच हसलं नाही.

"तो तू होतास?" वडील म्हणाले. "मला वाटलं, कोणीतरी मोठं माणूस वाजवतंय."

हेडबाईंनी कपाटाची किल्ली मास्तरांच्या हातात ठेवली. "आता ही तुमच्याकडेच असू द्या."

इथे कधी कधी संध्याकाळी समुद्रावरून लांबून कसलातरी आवाज येतो आणि मी हातातलं ओझं खाली ठेवून उभा राहतो. मुकादम ओरडतो. ओरडू दे.

मास्तर दरवर्षी नवी पोरं घेऊन त्याच बांधावरून येतात, असं कळतं. साठीनंतरही त्यांचे गुडघे आणि छाती अशीच शाबूत राहोत, त्यांना उदंड आयुष्य मिळो, आणि अंधेरीतल्या प्रत्येक पोराला एकदा तरी लांबून ऐकलं जावो.