अकरा सेकंदांची जागा

गडचिरोलीहून सिरोंच्याकडे निघालेली एसटी जिथे निम्मी रिकामी होते, तिथल्या आश्रमशाळेत दुर्गा सोळा वर्षांपासून स्वयंपाक करते. या काळात हेडमास्तर सहा बदलले, भिंतींना रंग तीनदा लागला, पण चुलीपाशी दुर्गा ती दुर्गाच. तिच्या परवानगीशिवाय तिथे मांजरसुद्धा शिंकत नाही, असं पोरं म्हणतात. मांजराचं माहीत नाही, पण हेडमास्तर मात्र चहा विचारून मागतात.

तासांची घंटा शिपाई देतो, जेवणाची दुर्गा. व्हरांड्यात रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. त्यावर सळईने आधी दोन टोले, मग तीन, पुन्हा दोन, पुन्हा तीन. पोरं ताटं घेऊन रांगेत बसतात, वाढून होतं आणि मग दुर्गा एकच मोठा टोला देते. तो पडल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. हा नियम कोणी केला, हे आताच्या पोरांना ठाऊक नाही.

तो चंदनपायी झाला होता. चंदन तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा सात वर्षांचा होता, म्हणून दुर्गाने त्याला याच शाळेत घातलं. पंगत बसली तरी हा पठ्ठ्या टाकीपाशी बादली उलटी घालून बडवत असायचा. त्याच्यासाठी म्हणून ती शेवटचा टोला द्यायची, आणि तो आल्याशिवाय कोणाला जेवू द्यायची नाही. पोरगा मोठा होऊन शाळेतून गेला, पण टोला राहिला.

पुढे तिने त्याला पोलीस भरतीसाठी तयार केलं. धावायला चांगले बूट घेऊन दिले. तेच बूट घालून तो एक दिवस नागपूरहून आला आणि म्हणाला, "ताई, मी भरती सोडली. पोरांसंगं गाण्याचा अल्बम करून राह्यलो."

"ढोल खाऊन पोट भरणार हाय काय तुहं?"

"भरन न."

"मंग इथी जेवाले येऊ नको."

तो आला नाही. दीड वर्ष आला नाही, आणि मग आष्टीच्या रस्त्यावर ट्रकने त्याची मोटरसायकल उडवली.

चंदनच्या मातीला दुर्गा रडली नाही. बाया तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, पण तिला काही होतच नव्हतं. पाचव्या दिवशी ती कामावर आली. चार महिने झाले, भात शिजतो, पोरं जेवतात, भांडी घासली जातात. तिखट लागत नाही, थंडी वाजत नाही. कोणी चंदनचं नाव काढलं तर ती दुसऱ्याच्या भावाबद्दल ऐकावं तसं ऐकते. एकच गोष्ट डोक्यात तेवढी राहिली होती, की तो आपल्यावर रागावून गेला. तीही दुखत नव्हती, नुसती होती.

काल त्याच्या गाण्यातल्या जोडीदाराचा, राजदीपचा, फोनवर निरोप आला. "ताई, चंदनचा अल्बम झाला. उद्या संध्याकाळी रिलीज करून राह्यलो. त्याचं नाव टाकाले तुमची परवानगी पायजे. आनखी एक, शेवटच्या गान्यानंतर अकरा सेकंद कायीच नाई. चंदन म्हने, ती जागा कापू नका, ती दुसऱ्याची हाय. कोनाची, ते सांगतलं नाई. ठेवू का कापू, तुमीच सांगा."

परवानगी द्यायचीच नाही, असं तिने रात्रीच ठरवलं होतं. ज्या गाण्याने पोरगा खाल्ला, त्या गाण्यावर त्याचं नाव कशाला? पण न ऐकता नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. सकाळी टाकीवर चढून, रेंज धरून तिने राजदीपने पाठवलेली गाणी उतरवली. मग भात चढवला आणि आवाज मोठा व्हावा म्हणून फोन रिकाम्या गंजात, भाताच्या मोठ्या पातेल्यात, ठेवला.

सोबत तांदूळ निवडणारी बुधरीबाई म्हणाली, "वो दुर्गा, हे गानं हाय का भांडन?"

प्रश्न चुकीचा नव्हता. झाडीपट्टीच्या नाटकातली पेटी सुरू व्हायची, ऐकणारा जरा सैल बसायचा, तोच गिटार किंचाळत अंगावर यायची. मध्येच कोणी तेलुगूत नुसतं बोलायचं. गोंडांच्या रेला नाचाचा ठेका धरला म्हणावं तर त्यात पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटायचा. प्रत्येक गाण्यात ढोल चंदनचा होता, एवढं दुर्गाला कळलं. त्यापलीकडे काही नाही. सहा गाणी झाली. तिने वरण ढवळलं, अंदाजाने मीठ टाकलं.

सातवं गाणं, शेवटचं, लोखंडावरच्या टोल्यांनी सुरू झालं. दोन, मग तीन. दोन, मग तीन.

दुर्गाचा डाव वरणातच राहिला. ती काही समजायच्या आत व्हरांड्यात ताटं वाजली. शाळेतली सगळी पोरं धावत येऊन रांगेत बसली होती.

"अबे, टाइम झाला काय?" बुधरीबाई ओरडली.

"घंटी तं वाजली!"

बसलेल्या पोराला उठवू नये म्हणतात. भात झालाच होता. बुधरीबाई पुटपुटत वाढायला लागली. इकडे गिटार चढली, पेटी चढली, आणि खालून ते दोन-तीन, दोन-तीन चालूच. शेवटच्या ताटात भात पडला, वरण पडलं, आणि गाणं एकदम थांबलं.

गंजातून काहीच येईना. पोरं ताटावर हात धरून बसली होती. कोणी घास उचलला नाही. सगळे दुर्गाकडे बघत होते.

तेव्हा तिला कळलं, ही जागा कोणाची ते. चंदन रागावून गेला नव्हता. ताटकळत बसला होता तो, ताई कधी जेवायला बोलावते म्हणून.

ती उठली. सळई घेऊन तिने रुळावर टोला दिला, एवढ्या जोराने की कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. पोरं जेवायला लागली.

मग तिने फोन तोंडापाशी धरला. "राजदीप, नाव टाक. आन् कापू नको. तो टोला माहा हाय." एवढाच निरोप पाठवून तिने फोन खाली ठेवला.

बुधरीबाईने तिच्यापुढे ताट सरकवलं. तिने एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"बुधरीबाई, वरन निरा खारट झालं. सांगतलं काऊन नाई?"

"चार महिन्यापासून खारटच हाय, बाई," बुधरीबाई म्हणाली. "पोरंच म्हने, ताईले सांगू नका."