बेडकाची पेरं

बायको गेली त्या दिवशी मंगळवार होता. दवाखान्यातून फोन आला. मी शर्ट घातला, दाराला कुलूप लावलं आणि गेलो.

उमरखेडला ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, मी शाळेत मराठी. बेडकाच्या गर्भाचा धडा तिच्या वर्गातल्या मुली पाठ करत, पेपरात लिहीत आणि विसरून जात. म्हणून तो साध्या मराठीत लिहायला ती स्वतःच बसली होती. ती गेल्यावर तीन महिन्यांनी मी कपाट उघडलं, तेव्हा वही सापडली. अकराव्या पानावरच्या शेवटच्या ओळीत एका शब्दाची जागा कोरी होती आणि समासात लिहिलं होतं, 'यांना विचारणे'.

विचारायचं राहून गेलं. आता धडा पुरा करायचा तर मीच करायला हवा होता, आणि विज्ञानात मी जन्मभर काठावर पास.

पण तिने धडा लिहायला घेतला त्या श्रावणातलं मला सगळं आठवत होतं. सोयाबीनच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधालगतच्या डबक्यातून तिने बेडकाची अंडी आणली आणि नेमकी चहाच्या गंजात ठेवली. मी गॅस पेटवला तोच ती ओरडली, "अहो, थांबा! पोरं आहेत त्याच्यात!" मग आठवडाभर आमचा चहा कढईत झाला. रोज ती मला मायक्रोस्कोपजवळ बसवायची. एक दिवस इवल्याशा शेपटीत बारीक आडव्या पट्ट्या दिसल्या, एकीमागे एक, आणि मी असा हसलो की पाणी हललं आणि पिल्लू काचेखालून निसटलं.

"हे कोण आखतं?" मी विचारलं होतं.

तिचं उत्तर वहीत होतंच. प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, फक्त कोणतं केव्हा चालू राहील ते ठरलेलं असतं. पाठीच्या भागात एक जनुक चालू होतं, त्यातून प्रथिन बनतं आणि तेच प्रथिन त्या जनुकाला बंद करतं. प्रथिन विरलं की जनुक पुन्हा चालू. हा झाला ठोका. शेपटीच्या टोकाकडे 'अजून थांबा' असा एक इशारा असतो. शरीर लांबतं तसा तो मागे सरकतो. त्याच्या आवाक्यातून सुटलेल्या पेशी ठोका पडला की एकत्र येतात आणि एक...

इथे जागा कोरी. पुस्तकात 'कायखंड' आहे. मुली त्याला 'काय खंड?' म्हणत, हे तीच सांगायची. उसाला असतं, बोटाला असतं, ते मला आठवलं आणि मी लिहिलं: पेर.

कळंबकडे शेती करणारी माझी मेहुणी त्या आठवड्यात आली होती. ती निवडत बसलेली मेथी बाजूला सारायला लावून मी तिला वाचून दाखवलं, "ठोका पडला की पेर. पुन्हा ठोका, पुन्हा पेर."

"कोन पेरून राह्यलं, भाऊजी? बेडूक?"

"पेरणी नाही गं. पेर. उसाचं असतं ते."

"मंग तसं लिहा ना! मले वाटलं, बाई सरत्यावर चालून राह्यली." बैलांमागे नळीतून बी सोडत जाणारी बाई तिच्या डोळ्यांपुढे आली होती. मी दुरुस्त करायला पेन उघडलं, तर तीच पुढे बोलली, "पन गोष्ट तेच हाय न? बैल पुढं सरकतात, बाईचा हात ठोक्यावर पडते. हात हळू झाला अन् बैल तसेच चालले, तं बी दूर दूर पडन."

मी पान उलटलं. मागच्या बाजूला बायकोने पेन्सिलने टिपलं होतं: ठोका मंदावला, तर तुकडे मोठे आणि कमी.

मी ते मोठ्याने वाचलं. मेहुणी म्हणाली, "काहून हसता? मले काय दहावी नापास समजता का?"

"तू दहावी नापासच आहेस."

"हो, पन बेडकात पास झाली न!"

दोघंही इतकं हसलो की शेजारीण डोकावून गेली. बायको गेल्यापासून या घरात असा आवाज पहिल्यांदाच झाला होता. दुसऱ्या दिवशी मी बाराव्या पानाला सुरुवात केली आणि बैल, बाई, नळी सगळं धड्यात घातलं.

धडा आता पुरा आहे. अकरा पानं तिच्या अक्षरात आहेत, पाच माझ्या. झेरॉक्स मुलींकडे आहे, वही माझ्याकडे.