दोन पोळ्यांचा कस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांनाही नाही — आणि मित्रांना मी काय काय सांगून बसलोय ते ऐकलंत तर माझ्या शेजारी बसणार नाही तुम्ही. पण हे नाही सांगितलं. तुम्ही म्हणाल, एवढं काय केलंस बाबा? कुणाचा गळा कापलास? छे हो. मी जेवलो. म्हणजे — कमी जेवलो. हसू आलं ना? येऊ द्या. मलाही येतं, पण अर्ध्यावर अडकतं.

गुडगाव तेव्हा गुडगावच होतं, गुरुग्राम व्हायला अजून अवकाश होता. चार काचेच्या इमारती, मधे मोहरीची शेतं, आणि रस्ता म्हणजे जिथे गाडी जाईल तो. सांगलीचा मी, अशा एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागलो आणि राहायला आलो दिल्लीत सरोजिनी नगरला, एका सरकारी क्वार्टरच्या मागच्या खोलीत. घर काका-काकूंचं. नात्यातले नव्हेत. सरकारी क्वार्टरमध्ये भाडेकरू ठेवता येत नाही, म्हणून कुणी विचारलं तर मी पुतण्या. काका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, मूलबाळ नाही, आणि काकू — काय सांगू काकूंबद्दल? त्यांच्या घडीच्या पोळीला तीन पदर सुटायचे. मेथीची भाजी, मुगाची उसळ, लसणाची चटणी. दिल्लीत राहून त्या बाईनं पंचवीस वर्षं गोडा मसाला घरी कुटला होता.

मग मी कमी का जेवायचो? इथेच तर गोम आहे.

ऑफिसच्या वाटेवर एक नवं दुकान निघालं होतं. बर्गरचं. काचेचं दार, आत थंडगार, पोरं टोप्या घालून इंग्रजीत विचारणार — सर, यासोबत अजून काय? सर! मला! सांगलीत मला कुणी अहोसुद्धा म्हटलं नव्हतं. आमचा ऑफिसातला कंपू संध्याकाळी बसमधून उतरला की आधी तिथे घुसायचा. चल यार, चल यार, आणि मी चाललो. भूक होती का? खरं सांगू? भूक नव्हती. तिथे बसलेला मी मला आवडायचा. दुपारचा डबा मी आधीच बंद करवला होता — ऑफिसात कॅन्टीन आहे म्हणून सांगितलं. तेही खोटं. मेथीचा वास आला आणि कुणीतरी नाक उडवलं, एवढंच झालं होतं. तेवढ्यावरून मी काकूंच्या मेथीकडे पाठ फिरवली.

आठाच्या सुमारास घरी. काकू तवा ठेवून वाट बघत बसलेल्या. पोटात बर्गर, वर बटाट्याच्या तळलेल्या काड्या, वर ते गोड काळं पाणी. पानावर बसून कशाबशा दोन पोळ्या ढकलायचो. तिसरी तव्यावरून थेट पानात पडायच्या बेतात असायची, की मी हात आडवा धरायचो. काकू नाराज. आवडलं नाही का रे? बरं नाही का? बाहेर काही खाल्लंस? रोज तेच. शेवटी एकदा वैतागून, सुटका करून घ्यायला, मी म्हणालो, "नाही हो काकू, तुमच्या अन्नाला कसच असा आहे, दोन पोळ्यांत पोट तुडुंब भरतं."

कस! माझी आजी तो शब्द वापरायची. कुठून तोंडात आला देव जाणे. काकूंचा चेहरा काय फुलला हो. त्या दिवसापासून कस हा शब्द त्या घरात राहायलाच आला. शेजारच्या पंजाबी मिसेसना काकू हिंदीत समजावताना मी ऐकलंय — "हमारे खाने में कस है, कस. मतलब दम! बाजारका दस खाओ, हमारा दो में हो जाता है." पुरावा म्हणून बोट कुणाकडे? माझ्याकडे. आणि पुरावा ढेकर देत उभा.

एकदा माझ्या शर्टाच्या खिशात त्यांना टोमॅटो सॉसच्या पुड्या सापडल्या. माझं धाबं दणाणलं. म्हणालो, ऑफिसात वाटतात. काकूंनी त्या जपून एका डब्यात ठेवल्या, पाहुण्यांसाठी. आणि पाहुण्यांना दिल्याही, उपम्याबरोबर.

इथवर सगळी गंमतच आहे ना? इथवरच असती तर मी कधीच चारचौघांत सांगून मोकळा झालो असतो.

काका रिटायर व्हायला आले. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं. काकांचं म्हणणं, नागपूरला धाकट्या भावाकडे जाऊ, वरचा मजला रिकामा आहे. आणि काकूंना दिल्ली सोडायची नव्हती. जावेच्या घरात आश्रितासारखं जायचं नव्हतं. त्या हे रडून नाही सांगायच्या, भांडून सांगायच्या. मग त्यांना कल्पना सुचली. विद्यापीठाला लागून असलेल्या मुनिरक्यात विद्यार्थी किती! खोल्यांत राहतात, ठेल्यावरचं चाऊमीन खातात, पोटं बिघडवतात. त्यांना घरचं जेवण द्यायचं, आणि तेही ठेल्याच्या भावात. काका म्हणाले, वेडी आहेस, परवडणार कसं? घरचं ताजं अन्न, तेल चांगलं, भाजी चांगली — ठेल्याच्या भावात? काकू म्हणाल्या, का नाही परवडणार? कसाचं अन्न कमी लागतं. घरात पुरावा आहे.

आता हे लक्षात घ्या. जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजू नयेत, हे काकूंचं ब्रीद होतं. पाप लागतं म्हणायच्या. उभ्या जन्मात त्यांनी कुणाच्या मोजल्या नाहीत. फक्त माझ्या मोजल्या. तरण्याताठ्या पोराला दोन लागतात, मग एखाद्याला तीन धरू — या अंदाजावर त्यांनी भाव बांधला.

आणि काकांनी मला हाक मारली. रविवारची सकाळ होती, ते दाढी करत होते, अर्ध्या गालाला फेस. म्हणाले, "सतीश, तू सांग रे. फंडाचे पैसे घालतोय मी यात. खरंच दोन पोळ्यांत भागतं तुझं?"

दारात काकू उभ्या, हाताला कणीक.

काय अवघड होतं सांगा? काका, मी बाहेरून खाऊन येतो — संपलं. काकू दोन दिवस फुगल्या असत्या, तिसऱ्या दिवशी माझ्या पानात पाच पोळ्या कोंबल्या असत्या. मी काय बोललो?

"बिल्कुल, काका."

झालं. मुनिरक्यात तळमजल्यावर जागा घेतली. मोठी परात आली, शेगड्या आल्या. दारावर पाटी लागली — पोटभर घरचं जेवण. पहिल्या दिवशी मी मोठ्या रुबाबात गेलो वाढायला. आणि पोरं बसली हो! बिहारची, केरळची, गढवालची. दिल्लीत फुलका असतो तळहाताएवढा, आठ-दहा खाल्ले तरी कुणी मान वर करून बघत नाही. ती त्याच हिशेबानं काकूंच्या घडीच्या पोळ्यांवर तुटून पडली. आंटी, एक और. आंटी, दो और. काकू तव्यापाशी घामाघूम, आणि तोंडानं काय? "और लो बेटा, शरमाओ मत!" मोजणं तर पापच. मी वाढत होतो आणि मनातल्या मनात मोजत होतो. मला ठाऊकच होतं, या वयाचा माणूस एवढंच खातो. मीसुद्धा सांगलीत एवढंच खायचो.

तेव्हा तरी सांगावं की नाही? तेव्हा नुसता भाव वाढवला असता तरी निभलं असतं. नाही सांगितलं. उलट घरी दोनाऐवजी दीड पोळीवर आलो, जणू त्यानं भरपाई होणार होती.

काकूंना मात्र पटेचना. यांची पोटं ठेल्यावरच्या खाण्यानं बिघडलीत म्हणायच्या, कस मुरायला वेळ लागेल. तेवढा वेळ फंडात नव्हता. मेस बुडाली. परात विकली. काका-काकू नागपूरला गेले, धाकट्या दिराच्या वरच्या मजल्यावर. म्हणजे जिथे जायचं नव्हतं, तिथेच. मीही मनाला बरंच समजावून पाहिलंय — बुडणारच होती, नाहीतरी काकूंच्या कष्टांचा भाव कुणी धरलाच नव्हता, माझ्या दोन पोळ्यांनी काय होतंय? समजावून झालं की काकांचा तो फेस लावलेला गाल दिसतो.

काका आता नाहीत. काकू आहेत, ऐंशीच्या पुढे, आणि मी नागपूरला जातो तेव्हा अजून स्वतः पोळ्या लाटतात. जावेशी छान जमलं म्हणतात. मागच्या दिवाळीत मुलीला घेऊन गेलो. मुलगी गुडगावात वाढलेली, आमच्या सोसायटीच्या गेटवर तिच्या जेवणाची पार्सलं रोज येतात. ती काकूंना म्हणाली, आजी, घरी बनवणं अफोर्डच होत नाही, गॅस, भाज्या, टाइम. त्यापेक्षा बर्गर सस्ता पडतो. काकू हसल्या. म्हणाल्या, "तुझ्या बाबाला विचार. माझ्याकडे दोन पोळ्यांत जेवायचा हा. ती मुनिरक्याची पोरं म्हणजे नुसते बकासुर. माणसासारखा जेवणारा हा एकटाच. ह्याला कस कळायचा."

"कस मतलब?" मुलीनं विचारलं. मग म्हणाली, "खरंच, बाबा? दोनच?"

काकूंनी तिला आग्रह करकरून चार पोळ्या वाढल्या. मला दोन. मला त्या आग्रह करतच नाहीत, गेली कित्येक वर्षं. ह्याचं माप मला ठाऊक आहे म्हणतात. सकाळपासून मी काही खाल्लेलं नव्हतं. तव्यावर तिसरी पोळी टम्म फुगली होती, वास नाकात जात होता, आणि काकूंनी पहिल्यांदाच थबकून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "वाढू का रे अजून एक?"

"बिल्कुल नाही, काकू," मी म्हणालो आणि पानावर हात आडवा धरला.