गुंठाभर जागा

कमी पैशांत घर बांधून देणाऱ्या एका संस्थेच्या यादीत माझं नाव बसलं, तसा मी पेढे घेऊन पासलीहून निघालो आणि एसट्या बदलत किकवीला थोरल्या बहिणीकडं गेलो. नवरा वारल्यापासून ती तिथं भाड्याच्या एका खोलीत राहते.

"बसलास व्हय यादीत? लई बरं झालं," ती म्हणाली. "म्या बी त्यांच्याकडंच अर्ज भरला हुता. न्हाई घेतला."

मी भडकलोच. "एकट्या बाईला न्हाई म्हनले? असली कसली संस्था? उद्याच जाऊन जाब इचारतो."

"त्यांचं काय चुकलं? नावावर गुंठाभर तरी जागा पायजे म्हनले. माज्या नावावर कुठं हाय?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते मला जास्त लागलं. वडील गेल्यावर हक्कसोडीच्या कागदावर सही करायला मीच तिला तालुक्याला नेलं होतं. आमच्यात बहिणी भावासाठी हिस्सा सोडतात आणि भाऊ त्यांना साडीचोळी करतो. त्यात विचारण्यासारखं काही असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या जागेवर मी यादीत बसलो, तिच्यात निम्मा वाटा आक्काचा होता.

साडी मात्र मी चांगली घेतली होती, हिरवी, जरीकाठाची. ती लगेच ओळखू आली. स्वयंपाकाची बाजू आणि झोपायची बाजू वेगळी करायला आक्कानं ती खोलीत मधोमध दोरीवर टांगली होती. त्या खोलीत तिच्या मालकीची भिंत तेवढीच होती.