आबांचं बोट कुठल्या ओळीवर होतं

आबा गेल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं आणि लगेच विचारलं, "पेपरात येईन काय वं?" मी अमरावतीच्या होस्टेलच्या जिन्यात उभी होते. आबा आठवले की पेपर आठवतो आणि पेपरासोबत माझा एक जुना संशय. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहावं का, ठाऊक नाही.

आबा म्हणजे बाबांचे चुलते. हिवरखेडला दुपारी मेथीच्या जुड्या बांधताना आमची भाजीवाली चार घरं त्यांच्या ओट्यावर जमायची आणि आबा पेपर वाचून दाखवायचे. बाबांची शाळा दुसरीतच सुटलेली, बाकीच्यांचंही तसंच. एकदा आबांनी वाचलं, "अकोल्याचे डॉक्टर म्हनतात, फवारनी करताना तोंडाले फडकं बांधा." मी आठवीत होते, त्यांच्या मागे बसले होते. त्यांचं बोट मोटारसायकलच्या जाहिरातीवर होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी फडकी बांधली.

"आबा, हे कुठं छापलं हाये?"

"तुले चष्मा नाई, तुले नाई दिसत."

तेव्हापासून मी त्यांचं बोट बघत राहिले. बारावीनंतर बाबा माझं शिक्षण थांबवून लग्नाचं बघणार होते. त्याच आठवड्यात आबांनी वाचलं, की एका भाजीवाल्यानं लोकांच्या हसण्याकडे न बघता पोरीला अमरावतीला शिकायला पाठवलं. बाबांचे हात थांबले. "बापाचं नाव काय हाये?"

"नाव नाई छापलं," आबा म्हणाले आणि पान उलटलं. बोट 'वधू पाहिजे'च्या रकान्यावर होतं. मी पाहिलं आणि गप्प बसले. महिनाभरात बाबा मला घेऊन अमरावतीच्या एसटीत बसले.

कॉलेजात शिकवतात, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, मुळात काय लिहिलंय ते बघा. मला ते पटतं. पण त्या बाकावर मी बसले आहे ती न छापलेल्या बातमीमुळे. आम्हाला काय कळावं, हे आबा ठरवायचे. हा जिव्हाळा होता, की आम्हाला समज नाही असं ते धरून चालले होते? दिवाळीत मी विचारलंच, "आबा, तुमी काहून खोटं वाचता?"

"म्या सांगतलं तं म्हातारा बडबडून राहिला म्हनतात. पेपरानं सांगतलं तं फडकं बांधतात." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "अन् तू तवा काहून चूप रायली वं?"

ती शेवटची भेट.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर बाबांनी पेपर माझ्यापुढे ठेवला. मी ओळीवर बोट ठेवून शब्द न् शब्द वाचला. सगळे कंटाळले.

"आबासारखं वाच ना," बाबा म्हणाले.

"एवढंच छापलं हाये, बाबा."

"आबाच्या पेपरातबी एवढंच राहे," ते म्हणाले आणि पुढची जुडी बांधायला घेतली.

मग त्या दिवशी त्यांनी बापाचं नाव कशाला विचारलं होतं? माझा संशय आता आबांवरून बाबांवर आला आहे... आबांच्या चष्म्याचं घर अजून ओट्यावरच्या कोनाड्यात आहे. हे छापून आलं तर बाबा तिथंच बसून मला वाचायला सांगतील. त्यांनी पुन्हा बापाचं नाव विचारलं, तर ते याही वेळी छापलेलं नसेल. मी बोट ओळीवरून उचलीन आणि त्यांच्याकडे दाखवीन.