डोळे उघडून मिळतील

सेलूत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो आता घरोघरी मोबाईलवरच निघतात. माझ्याकडे येतात ते गेलेल्या माणसांचे. माणूस गेल्यावर घरच्यांच्या ध्यानात येतं की भिंतीवर लावायला एकही धड फोटो नाही. मग नाकात कापूस असलेला, शेवटच्या दिवशी काढलेला फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "भाऊ, तेवढे डोळे उघडून द्या. तेरवीला पायजे."

कापूस काढणं सोपं. डोळ्यांचं तसं नाही. बरेच जण दुसऱ्याच कुणाचे तरी डोळे आणून चिकटवतात, ते मला कधी पटलं नाही. मी कॉम्प्युटरवर बुबुळापासून सगळं स्वतः रंगवायचो. आधी विचारायचो, रागावल्यावर कशी बघायची? नातवाला हाक मारताना? वालूरची एक बाई सासूचा फोटो हातात घेताच डोक्यावर पदर ओढून उभी राहिली. "माझ्याकडंच बघायलीय," म्हणाली. त्या दिवशी मी हवेत होतो.

खरं सांगायचं तर तेव्हाच माझं बिनसायला लागलं होतं. झोप उडाली होती. भर दुपारी स्क्रीनवरच्या मिटलेल्या पापण्या थरथरायच्या, आधी डावी, मग उजवी. मी घाबरायचो, आणि त्याच क्षणी मला कळायचं की आत डोळे कसे आहेत. पुढे चेहरे बोलायलाही लागले. मोठं काही नाही, "जरा सरक की," एवढंच. मी खुर्ची सरकवायचो.

एकदा बायकोने ते पाहिलं आणि मला परभणीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. झोप आली, भूक आली, पापण्या गप्प झाल्या. मग एक मेंढपाळ आपल्या बापाचा फोटो न्यायला आला. बराच वेळ धरून उभा राहिला. "म्हातारा हायच की," म्हणाला, "पन बघंना."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. डॉक्टरांना सांगायचं सोडून मी शहाणपणा केला. गोळी जिभेखाली धरायची आणि मोरीत थुंकायची. काही दिवसांत पापण्या पुन्हा हलल्या आणि मला आनंद झाला. हे लिहिताना आज अंगावर काटा येतो.

त्यानंतरचे फोटो असे उतरले की मीच माझ्यावर खूश होतो. एका सकाळी बायको कसलीशी प्रिंट काढायला कॉम्प्युटरवर बसली आणि तिने मला हाक मारली. आवाज तिचा नेहमीचा नव्हता.

स्क्रीनवर मी होतो. झेंडूचा हार, खाली माझं नाव, जन्मतारीख आणि शेजारी दुसरी तारीख, येत्या सोमवारची. अक्षरं मी नेहमी वापरतो तीच, हाराची सावलीही मी टाकतो तशीच. हे कधी केलं, मला काहीच आठवत नव्हतं. फोटोतले माझे डोळे मिटलेले होते. मी त्या पापण्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिलो. त्या हलल्या नाहीत.

"हे कुनी केलं?" तिने विचारलं.

"मीच असणार," मी म्हणालो, आणि मोरीचं सगळं सांगून टाकलं.

त्याच दुपारी आम्ही परभणी गाठली. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "डोळे जमेनात तर मला सांगायचं, गोळीचं काहीतरी बघता येतं. मोरीला कशाला सांगत बसलात?" गोळ्या आजही चालू आहेत. फोटो बरे होतात, पण तसे बघत नाहीत. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

त्या सोमवारी बायकोने दुकान उघडू दिलं नाही. दिवसभर माझ्यासमोर बसून राहिली. मी पाणी प्यायला उठलो तरी मागे यायची. अंधारून आलं तशी ती उठली.

"गेला सोमवार," म्हणाली. "च्या ठेवते."

पण गॅसपर्यंत पोचलीच नाही. मधेच खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली.