होडीतलं बोलणं

डाव्या हातातला पेपर मांडीवर ठेवायचा, उजव्या हाताची दोन बोटं वर करायची आणि म्हणायचं, "थांब. आधी त्याची बाजू सांग. त्यानं मान हलवली की मग तुजी." आमच्या तांडेलांना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ते असेच आठवत असणार.

तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. रेवदंड्यात तसे तांडेल पुष्कळ, पण नुसतं 'तांडेल' म्हटलं की हेच. गुडघे गेल्यामुळे समुद्र सुटला होता, हुकूम सोडायची सवय मात्र सुटली नव्हती. मी मूळचा श्रीवर्धनचा, सुपारीच्या वाडीत वाढलेला. इथल्या बर्फाच्या कारखान्यात नोकरीला आलो तेव्हा मासा फक्त ताटातला ओळखत होतो. तांडेलांनी मला पहिल्याच दिवशी 'बर्फवाले भाऊ' करून टाकलं, आणि अजून मी तोच आहे.

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकतात आणि जेट्टीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळे फाटकी जाळी सांधत बसतात. बर्फाला गिऱ्हाईक नाही, म्हणून मीही तिथंच. तांडेल मोठ्यानं पेपर वाचायचे आणि पहिलं पान संपायच्या आत वाद पेटायचा. वाद एकच, वर्षानुवर्षं चाललेला. देश कोणी स्वतंत्र केला?

पुढाऱ्यांची नावं मी इथं लिहीत नाही. लिहिली की तुम्हीही लगेच बाजू घ्याल, आणि मला सांगायचंय ते राहूनच जाईल. एवढंच सांगतो, की तांडेलांचा पुढारी उपासावर भरवसा ठेवणारा होता आणि समोरच्याचा बंदुकीवर. समोरचा म्हणजे तांडेलांचा व्याही. दोघं एका वयाचे, एका होडीवर तीस वर्षं काढलेले, आणि शेवटी तांडेलांची मुलगी व्याह्यांच्या घरात दिलेली. लग्नानंतर रीत म्हणून दोघं एकमेकांना 'अहो व्याही' म्हणायला लागले. पण वाद तापला की पाचव्या मिनिटाला 'अरे' यायचं, आणि मग शेडमधले सगळे सरसावून बसायचे.

एकदा व्याह्यांनी जाहीर केलं, की गोऱ्यांनी आणलेलं सगळं देशातून घालवलं पाहिजे.

"घालवू," तांडेल म्हणाले. "सकाळी चायमंदी काय बुडवलंस?"

"पाव."

"तो पोर्तुगीजांचा. उद्यापासून बंद. बटाटा बंद. चावी नि पगार हे शब्दपन त्यांचेच, घराला चावी लावू नको. पगार घेऊ नको."

"पगार मना कवा मिलालाच न्हाय," व्याही म्हणाले, "तो तर मी आधीच सोडलाय!"

सगळी शेड हसून हसून लोळली. तांडेल सगळ्यांत जास्त हसले. हरणं त्यांना असं छान जमायचं, म्हणून त्यांच्याशी भांडायला मजा यायची.

आणि त्यांचा तो नियम नुसता दाखवायचा नव्हता. समोरच्याची बाजू त्याला पटेल अशी मांडता आली नाही, तर गप्प बसायचं आणि जाळं सांधायचं. व्याह्यांनी एकदा उपासवाल्याची बाजू अशी मांडली, की तांडेलांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माज्यापरीस तूच बरा बोललास," ते म्हणाले. मी कॉलेजात शिकलो, सभा ऐकल्या, टीव्हीवरच्या चर्चा पाहिल्या. पण माणसाला माणूस असं ऐकताना मी फक्त त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाहिलं.

दुसरा एक नियम सगळ्याच होड्यांवर असतो, पण तांडेलांच्या होडीवर तो फार कडक. समुद्रावर माणसं दिवसचे दिवस एकत्र असतात. भीतीनं, कंटाळ्यानं माणूस नको ते बोलून जातो. ते बोलणं किनाऱ्यावर आणायचं नाही. एका खलाशानं दुसऱ्याच्या बायकोचं दुखणं बाजारात सांगितलं, तर तांडेलांनी त्याला भर हंगामात होडीवरून उतरवलं होतं. "मासली आन घरी," त्यांनी त्याला सांगितलं, "बोलनं होडीतच ठेव."

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली. आधी निवडणूक म्हणजे भावकीचं भांडण असायचं, आठवड्यात मिटायचं. या वेळी पॅनेलांच्या आडून मोठे पक्ष उतरले. तांडेलांचा पुतण्या एका पक्षाकडून उभा, व्याह्यांचा भाचा दुसऱ्याकडून. शेडमध्ये एका बाजूला एक रंग बसायला लागला, दुसऱ्या बाजूला दुसरा. मोबाइलवरून आलेलं काहीबाही लोक एकमेकांच्या तोंडावर फेकायला लागले. ऐंशी वर्षांपूर्वीचे पुढारी जणू आमच्याच वॉर्डात उभे होते.

तांडेलांना पक्षाच्या पोरांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. सभेत खुर्ची, गळ्यात हार, पाठीमागे 'तांडेलकाका आगे बढो'. मला ते आवडलं नाही, पण खोटं कशाला बोलू, तांडेलांना आवडलं. आयुष्यभर समुद्रानं त्यांचं ऐकलं नव्हतं, आता गाव ऐकत होतं.

प्रचार चालू असताना एका दुपारी शेड खचाखच भरली होती. दोघांची जुगलबंदी पुन्हा एकदा रंगली, आणि मला वाटलं, हे जपून ठेवावं. मी मोबाइल काढला. व्हिडिओ मी घेतला. हे दुसऱ्या कुणाच्या नावावर घालून मी मोकळा होणार नाही.

पहिली दहा मिनिटं सुंदर होती. दोघं हसत होते, टाळ्या देत होते. मग पाठीमागून कोणीतरी ओरडलं, "काका, सोडू नका!" आणि व्याह्यांच्या बाजूनं कोणी म्हणालं, की उपासवाले सगळे गोऱ्यांचे गुलाम. व्याही ते बोलले नव्हते. पण हसले. तांडेल ताडकन उठले. दोन बोटं वर झाली नाहीत.

"गुलाम कोन? तुजा आजा गुलाम! टेलिफोनच्या तारा कापनारी पोरं खंय लपली, ते गोऱ्या सायबाला कोनी जाऊन सांगितलं? तुज्या आज्यानं!"

ही गोष्ट गावात कोणालाच ठाऊक नव्हती. त्या पोरांना चाबकानं फोडलं होतं. त्यांची नातवंडं त्या शेडमध्येच बसलेली. व्याह्यांचा आजा भीतीनं बोलून गेला होता, आणि ती लाज घरानं तीन पिढ्या झाकून ठेवली होती. व्याह्यांनी ती एकदाच सांगितली होती, वादळात इंजिन बंद पडलेलं असताना, आता आपण काही वाचत नाही असं वाटून. तांडेलांना, होडीत.

तांडेलांचं तोंड उघडंच राहिलं. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हाच कळलं असावं. व्याह्यांनी हातातलं जाळं नीट घडी करून खाली ठेवलं.

"बरं व्याही," ते म्हणाले, "येतो."

मी मूर्खानं काय केलं? दहा मिनिटं छान आहेत म्हणून सगळा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला. लोक शहाण्यासारखा विचार करतील, असं मला वाटलं होतं. संध्याकाळपर्यंत पक्षाच्या पोरांनी त्यातलं शेवटचं तेवढं कापून काढलं. अलिबागच्या पलीकडे किहीमपर्यंत ते फिरलं. प्रचाराच्या रिक्षावर भोंग्यातून वाजलं. व्याह्यांच्या दारावर कोणी काळं फासून गेलं. पुतण्या निवडून आला, गुलाल उधळला, आणि तांडेल घराबाहेर पडले नाहीत.

नंतर ते माफी मागायला गेले. तीन वेळा गेले. पण आता ते एकटे राहिले नव्हते. निघाले की चार पोरं मागे, 'काका, दोघांचा एक फोटो होऊ द्या, चांगला मेसेज जाईल.' व्याही खिडकीतून ते बघायचे आणि मागच्या दारानं वाडीत निघून जायचे. सुनेला त्यांनी एका शब्दानं दुखवलं नाही, माहेरी जायला अडवलं नाही. तीच दोन घरांच्या मध्ये वाळत गेली.

मला तांडेल एक अक्षर बोलले नाहीत. मीच एकदा रडवेला होऊन म्हणालो, "तांडेल, चूक माझी. मी व्हिडिओ घ्यायलाच नको होता."

"तू काय केलंस, भाऊ? तू आयकलेलं दाखवलंस," ते म्हणाले. "होडीतलं किनाऱ्यावर मी आनलं. त्या खलाशाला मी उतरवला, मंग मना कोन उतरवनार?"

त्या दिवशी मी घरी येऊन तो व्हिडिओ मोबाइलमधून पुसून टाकला. ग्रुपवरूनही काढला. तेवढ्यानं मला बरं वाटलं, याचीच आता लाज वाटते.

पुढच्या बंदीपर्यंत तांडेल टिकले नाहीत. अंत्ययात्रेला पक्षाचे मोठे लोक अलिबागहून आले. भाषणं झाली, 'लढवय्या कार्यकर्ता' झालं. व्याही गर्दीच्या मागे, होड्यांपाशी उभे होते. कोणीतरी कॅमेरा तिकडे वळवला, तसे ते निघून गेले. तीस वर्षांच्या सोबत्याला त्यांना खांदा देता आला नाही.

महिन्याभरानं एका दुपारी ते कारखान्यात आले. यंत्रांच्या आवाजात मला आधी ऐकूच आलं नाही. मी त्यांना बाहेर सावलीत आणलं, पाणी दिलं. माझी मान वर होत नव्हती.

"भाऊ, तो व्हिडिओ हाय तुज्याकडं? पुरा?"

"नाही हो. मी पुसला."

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"घरात त्याचा फोटू हाय," ते म्हणाले. "पन आवाज खंयच न्हाय. सूनबाईकडं न्हाय, कोनाकडं न्हाय. त्यात आम्ही हसत व्हतो ना?"

"दहा मिनिटं," मी म्हणालो. "आता फक्त ते कापलेलं आहे. लोकांच्या फोनमध्ये असतं ते. पण ते तुम्ही..."

"तुज्या फोनमंदी हाय?"

होतं. कोणीतरी कधीतरी पाठवलेलं, मी कधीच न उघडलेलं.

"लाव," ते म्हणाले.

मी लावलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि कानाशी धरला. तुजा आजा गुलाम, तुज्या आज्यानं. अठरा सेकंद. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि चेहऱ्यावर राग अजिबात नव्हता.

संपलं तसा त्यांनी फोन माझ्यापुढे केला.

"परत लाव, भाऊ," ते म्हणाले.